इंग्रजी वर्तमानकाळाचा पाठ व मुलाचा दिनक्रम

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील इंग्रजीच्या वह्या तपासताना एक वाक्य हटकून आढळते : 'माय फादर गो टु द फील्ड.' त्याच वहीत, पुष्कळदा त्याच पानावर, 'माय मदर गोज टु द फील्ड' हे वाक्य मात्र बिनचूक लिहिलेले असते. शिक्षक पहिल्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढतात, 'गो'चे 'गोज' करतात आणि पुढची वही हाती घेतात. आठ दिवसांनी त्याच मुलाकडून तीच चूक पुन्हा होते, आणि मूल विसरभोळे आहे असा ग्रह करून घेतला जातो. वस्तुतः मूल काही विसरलेले नसते. त्याने एक नियम निष्ठेने पाळलेला असतो. तो नियम मराठीचा असतो, एवढेच.

मराठीत आई 'जाते' आणि वडील 'जातात'. घरात आईला एकवचन व वडिलांना आदरार्थी बहुवचन, ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत आहे. 'जातात' हे अनेकवचनाचे रूप असल्याने मूल त्याला 'दे गो' यातील 'गो' जोडते. गुरुजी 'शिकवतात', सरपंच 'सांगतात', आजोबा 'झोपतात'. या सर्वांच्या बाबतीत तीच चूक त्याच कारणाने होते. कारण कळले की उपाय दोन मिनिटांचा आहे. इंग्रजी भाषा आदर दाखविते, परंतु क्रियापदात दाखवीत नाही, हे मुलांना मराठीतच स्पष्ट सांगावे. आजोबा, जिल्हाधिकारी आणि वर्गातील सर्वांत लहान मुलगा, एकएकटा असताना तिघांनाही 'गोज'च लागते. 'तू', 'तुम्ही' व 'आपण' या तिन्हींना जसे एकच 'यू', तसेच हे. इतके समजल्यावर वडिलांना 'गोज' म्हणण्यात मुलाला संकोच उरत नाही.

या एका उदाहरणावरून पुढील विवेचनाचा रोख ध्यानात येईल. वर्तमानकाळात मुले ज्या चुका करतात त्यांतील बहुतेक चुकांचा उगम मराठी वाक्यरचनेत असतो. महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जातो. त्यापूर्वी मराठी शाळांतून तो दीर्घकाळ पाचवीपासून शिकविला जात असे. वर्षे वाढली, तरी चुकांचे स्वरूप फारसे पालटले नाही. जुन्या काळी 'तर्खडकर भाषांतर पाठमाले'वर पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या, तेव्हा मराठी वाक्य समोर ठेवूनच इंग्रजी वाक्य घडविले जाई. पुढे वर्गात मराठीचा शब्दही उच्चारू नये असे मानणारी पद्धती आली. मुलांच्या तोंडी इंग्रजी अधिकाधिक यावे हे योग्यच. परंतु शिक्षकाच्या मनात मराठीचे व्याकरण जागे असले पाहिजे. ते नसेल तर चूक दुरुस्त होते आणि तिचे कारण तसेच राहते.

एका 'स'चा नियम

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून क्रियापदांची रूपावली हा शालेय व्याकरणाचा परिचित भाग आहे. ती फळ्यावर लिहावी : मी जातो, मी जाते; तू जातोस, तू जातेस; तो जातो, ती जाते; आम्ही जातो, तुम्ही जाता, ते जातात. पुरुष, वचन व लिंग या तिन्हींनुसार येथे रूप बदलते. शेजारी इंग्रजी रूपे मांडली की मुलांना दिसते, की इंग्रजीत एकाच ठिकाणी बदल होतो. 'ही', 'शी' व 'इट' यांच्यापुढे क्रियापदाला 'स' लागतो. अन्यत्र क्रियापद जसेच्या तसे राहते. मुलगा व मुलगी हा भेद तर मुळीच नाही. इतकी रूपे तिसऱ्या वर्षापासून सहज वापरणाऱ्या मुलाला इंग्रजीचे हे एक रूप कठीण वाटण्याचे कारण नाही, हा धीर शिक्षकाने अवश्य द्यावा.

घोटाळा होतो तो दुसऱ्याच एका 'स'मुळे. नामाचे अनेकवचन करताना 'बॉय'चे 'बॉइज' होते हे मुलांनी आधी शिकलेले असते. त्यामुळे 'स' म्हणजे पुष्कळ, अशी समजूत होऊन 'द बॉइज प्लेज' असे वाक्य तयार होते. येथे एक खूण उपयोगी पडते. कर्ता व क्रियापद मिळून 'स' बहुधा एकदाच येतो : 'द बॉय प्लेज', 'द बॉइज प्ले'. 'चिल्ड्रन' किंवा 'मेन' यांसारखे शब्द या खुणेत बसत नाहीत. ते वेगळे सांगावेत.

उच्चाराकडेही लक्ष हवे. 'वर्क्स', 'हेल्प्स', 'ईट्स' यांत शेवटी 'स' ऐकू येतो. 'गोज', 'प्लेज', 'क्लीन्ज' यांत 'जहाज' या शब्दाच्या शेवटच्या 'ज'जवळचा ध्वनी येतो. 'वॉशिज', 'ब्रशिज', 'टीचिज' यांत एक अवयव वाढतो. मूल हा शेवटचा ध्वनी बोलताना गाळते, म्हणून लिहितानाही गाळते.

बागलाण, मालेगाव, कळवण व देवळा या भागांतील शिक्षकांना येथे एक घरचेच साधन उपलब्ध आहे. अहिराणीत 'तो करस' व 'ती करस' असे एकच रूप दोघांनाही चालते. अर्थात अहिराणीत 'मी करस' असेही म्हणतात व इंग्रजीत 'आय'ला 'स' लागत नाही, हा फरकही तेथेच दाखवावा. घरची बोली इंग्रजीच्या आड येते अशी समजूत असलेल्या मुलाला तीच बोली वाट दाखविते असे कळले, तर त्याचा हुरूप वाढतो.

नित्याचे आणि चालू

'मी जातो' या मराठी वाक्याचा उपयोग फार व्यापक आहे. 'मी रोज शाळेत जातो' यात नित्यक्रम आहे. 'मी उद्या नाशिकला जातो' यात पुढचा बेत आहे. 'थांब, मी जातो' यात आत्ताची क्रिया आहे. दारातून बाहेर पडताना आपण 'येतो' म्हणतो, तेव्हा तर शब्द एक आणि कृती उलट. साध्या वर्तमानकाळाचे हे सगळे भार इंग्रजी एकाच रूपावर टाकीत नाही. नित्याच्या क्रियेला 'आय गो' आणि आत्ता चाललेल्या क्रियेला 'आय ॲम गोइंग', अशी ती स्पष्ट वाटणी करते.

मराठीत 'जात आहे' हे रूप असल्याने 'ॲम गोइंग' समजण्यास अडचण पडत नाही. अडचण पडते ती त्याच्या अतिवापराची. 'इंग' लावले म्हणजे वाक्य अधिक इंग्रजी झाले, असा समज पसरून मूल 'आय ॲम गोइंग टु स्कूल एव्हरी डे' असे लिहू लागते. यास्तव काळ शिकविताना काळवाचक शब्द सोबतच शिकवावेत. 'एव्हरी डे', 'ऑलवेज', 'युज्वली', 'समटाइम्स', 'ऑन संडेज' हे शब्द नित्याच्या बाजूचे. 'नाऊ', 'ॲट धिस मोमेंट', 'लुक!', 'लिसन!' हे चालू क्रियेच्या बाजूचे. काही क्रियापदे चालू रूपात सहसा येत नाहीत : 'नो', 'वॉन्ट', 'लाइक', तसेच जवळ असणे या अर्थाचे 'हॅव'. म्हणून 'आय हॅव टू ब्रदर्स'. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' नव्हे. मात्र जेवण्याच्या अर्थी 'वुई आर हॅविंग लंच' हे शुद्ध आहे.

नकारार्थी वाक्यांत विशेष सावधगिरी हवी, कारण तेथे मराठी स्वतःच हा भेद पुसून टाकते. 'मी दूध पीत नाही' या एका वाक्याचे दोन अर्थ होतात : दूध पिण्याची सवयच नाही, किंवा आत्ता पीत नाही. इंग्रजीत पहिल्याला 'आय डोन्ट ड्रिंक मिल्क' व दुसऱ्याला 'आय ॲम नॉट ड्रिंकिंग मिल्क' म्हणावे लागते. मुलाने यांतील एक वाक्य चुकीच्या जागी वापरले, तर 'तुला नेहमीचे सांगायचे आहे की आत्ताचे?' एवढाच प्रश्न विचारावा. पुष्कळदा मूल आपली चूक आपणच सुधारते.

प्रश्नाचेही तसेच. मराठीत वाक्याच्या शेवटी 'का' जोडला की प्रश्न होतो, म्हणून मूल 'यू गो टु स्कूल?' असे स्वर चढवून विचारते. 'डू' व 'डझ' यांना मराठीत प्रतिशब्द नाही. 'डझ' आला की त्याने क्रियापदाचा 'स' स्वतःकडे घेतला, असे सांगावे : 'शी वर्क्स', परंतु 'डझ शी वर्क?' आणि 'शी डझन्ट वर्क.' एका 'स'चा नियम येथेही टिकतो.

'बसला आहे' व 'पासून'

चित्रवर्णनाच्या पाठात आणखी एक चूक होते. चित्रातील म्हातारी ओट्यावर बसली आहे, मूल झोपले आहे, बाईने हिरवी साडी नेसली आहे. मराठीची ही रूपे पूर्ण वर्तमानकाळाची आहेत. मूल त्याप्रमाणे 'द बेबी हॅज स्लेप्ट' असे लिहिते आणि शिक्षकालाही क्षणभर त्यात वावगे वाटत नाही. मराठीची दृष्टी अशी की, बसण्याची क्रिया होऊन गेली व तिचा परिणाम समोर आहे. इंग्रजीची दृष्टी अशी की, ती स्थिती अजून चालू आहे. म्हणून 'इज सिटिंग', 'इज स्लीपिंग', 'इज वेअरिंग', 'इज स्टँडिंग'. या क्रियापदांची यादी लहान आहे. ती वर्गात टांगून ठेवावी.

'पासून' या शब्दाने तर शिकलेल्या मोठ्या माणसांनाही चकविले आहे. 'मी दोन वर्षांपासून नाशिकला राहतो' हे मराठी वाक्य साध्या वर्तमानकाळात आहे. त्यावरून 'आय ॲम लिव्हिंग इन नाशिक सिन्स टू इयर्स' हे वाक्य घडते व ते अर्जांतून, भाषणांतून सर्रास आढळते. क्रिया पूर्वी सुरू होऊन अद्याप चालू असेल, तर इंग्रजीत 'आय हॅव बीन लिव्हिंग' किंवा 'आय हॅव लिव्ड' असे रूप लागते. कालावधी मोजून सांगितला तर 'फॉर टू इयर्स', आणि आरंभाचा क्षण सांगितला तर 'सिन्स जून'. मराठीतील एकाच 'पासून'चे येथे दोन शब्द होतात. याच्या उलट, 'मी काल पत्र लिहिले आहे' असे मराठीत म्हणता येते, पण 'यस्टरडे' हा शब्द आला की इंग्रजीत 'हॅव' चालत नाही. हा भाग सातवी-आठवीसाठी राखून ठेवावा. पाचवीच्या मुलावर त्याचे ओझे घालू नये.

शब्दसंग्रह कोणाच्या दिवसाचा?

काळाची रूपे शुद्ध झाली तरी एक प्रश्न उरतो. 'माय डेली रूटीन' या विषयावर मुले दहा ओळी पाठ करतात. त्या ओळींत मुलगा पलंगावरून उठतो, ब्रेकफास्ट करतो, स्कूलबसने शाळेत जातो आणि संध्याकाळी बागेत फिरतो. ज्याच्या घरी पलंग नाही व ज्याच्या गावात बाग नाही, तोही हेच म्हणून दाखवितो. त्याला 'तू सकाळी काय करतोस?' असे इंग्रजीत अचानक विचारले, तर तो गप्प राहतो किंवा दहा ओळींची सुरुवात करतो. आपला खरा दिवस सांगण्याजोगे शब्द त्याला कोणी दिलेलेच नसतात. साधा वर्तमानकाळ हा खऱ्या सवयी सांगण्याचा काळ आहे. खोट्या दिनक्रमावर तो शिकविला, तर मूल घोकंपट्टी शिकते, काळ शिकत नाही.

यासाठी शब्दसंग्रह गावच्या दिवसातून उचलावा. अंगण झाडणे : 'स्वीप द यार्ड'. पाणी भरणे : 'फेच वॉटर', येथे 'फिल' म्हणणे चूक, कारण विहिरीवरून पाणी आणणे हा अर्थ 'फेच'मध्येच आहे. धार काढणे : 'मिल्क द काऊ', 'मिल्क' हे क्रियापदही आहे हे कळताच मुलांना मौज वाटते. बैलांना वैरण घालणे : 'फीड द बुलक्स'. शेळ्या चारणे : 'ग्रेझ द गोट्स'. भाकरी करणे : 'मेक भाकरी'. धाकट्या भावाला सांभाळणे : 'लुक आफ्टर माय लिटल ब्रदर'. निफाड व येवल्याकडे कांदे निवडणे : 'सॉर्ट द अनियन्स'. दिंडोरीकडे द्राक्षे तोडणे : 'पिक द ग्रेप्स'; 'ब्रेक' म्हटल्यास मोडणे असा अर्थ होईल. मालेगावी यंत्रमागावर काम करणे : 'वर्क ऑन अ पॉवरलूम'. येवल्यात पैठणी विणणे : 'वीव्ह पैठणीज'.

मराठीतील 'करणे' हे क्रियापद येथे वारंवार फसविते. आंघोळ करणे 'हॅव अ बाथ', जेवण करणे 'हॅव अ मील', अभ्यास करणे नुसते 'स्टडी'. या ठिकाणी 'डू' लावू नये. वेळ सांगतानाही मराठीचा एकच प्रत्यय इंग्रजीत वाटला जातो. सकाळी, दुपारी व संध्याकाळी यांना 'इन द'. रात्रीला 'ॲट नाइट'. सहा वाजता याला 'ॲट सिक्स'. रविवारी याला 'ऑन संडे'.

फुरसतीच्या शब्दांचेही तेच. खेळांची नावे भाषांतरित करू नयेत. 'वुई प्ले खो-खो', 'वुई प्ले विटीदांडू' हीच शुद्ध वाक्ये आहेत. संक्रांतीला येवल्यात पतंगांचा मोठा उत्सव होतो. तेथील मुलांना 'फ्लाय काइट्स' हे वाक्य आधी द्यावे. पोहायला जाणे 'गो स्विमिंग', गाणी ऐकणे 'लिसन टु साँग्ज'. यातील 'टु' सुटू देऊ नये. 'पाहणे' या एका क्रियापदाला इंग्रजीत तीन आहेत. सहज दिसते ते 'सी', नजर वळवून पाहतो ते 'लुक ॲट', आणि हालचाल लक्ष देऊन पाहतो ते 'वॉच'. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे पाणपक्ष्यांचे ठिकाण २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. त्या परिसरातील मुलगा 'आय वॉच बर्ड्स' म्हणतो, तेव्हा त्याने योग्य क्रियापद निवडलेले असते. दूरदर्शन संचालाही 'वॉच'च लागते, 'सी' नव्हे.

एका तासाची आखणी

आरंभ कृतीने करावा. शिक्षकाने एका मुलीला 'स्वीप द फ्लोअर' अशी आज्ञा द्यावी. ती झाडू लागली की तिने म्हणावे, 'आय ॲम स्वीपिंग.' वर्गाने तिच्याकडे बोट करून म्हणावे, 'शी इज स्वीपिंग.' नंतर झाडू खाली ठेवून तिला खाली बसवावे व विचारावे, 'डू यू स्वीप द यार्ड ॲट होम?' तिचे उत्तर 'येस' असो वा 'नो', ते खरे असावे. मग वर्गाला विचारावे, 'डझ शी स्वीप द यार्ड?' या क्रमात चालू क्रिया डोळ्यांसमोर घडते, नित्याची क्रिया आठवणीतून येते, आणि दोहोंतील भेद न सांगता समजतो. हेच पुढे एकेका मुलाकडून दोन-दोन क्रियांबाबत करून घ्यावे.

दुसरा टप्पा जोडीचा. प्रत्येकाने शेजाऱ्याला त्याच्या सकाळीविषयी तीन प्रश्न विचारावेत व उत्तरे वर्गाला सांगावीत. 'आय'चे 'ही' किंवा 'शी' होताच 'स' लावण्याची गरज पडते. सरावाची ही सर्वांत स्वाभाविक संधी होय. शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाने चारच वाक्ये लिहावीत. मात्र चारही खरी असावीत, व त्यांतील एक वडिलांविषयी किंवा आजोबांविषयी असावे. मूळ चूक गेली की नाही हे त्या एका वाक्यावरून कळते.

मुले खरे सांगू लागली की काही उत्तरे शिक्षकाला थांबवितील. द्राक्षांच्या हंगामात सुरगाणा व पेठ या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांवर मजुरीला जातात. काही मुले आजीजवळ राहतात, काही आईवडिलांबरोबर जातात व नव्या शाळेत बसतात. आजीजवळ राहिलेल्या मुलीच्या वहीत पाठ केलेल्या दहा ओळींनुसार वडील संध्याकाळी ऑफिसातून घरी येतात. तिला दोन काळ नीट समजले, तर ती असे लिहू शकते : 'माय पॅरेंट्स वर्क इन अवर फील्ड. नाऊ दे आर वर्किंग इन अ व्हिन्यर्ड. आय ॲम लिव्हिंग विथ माय ग्रँडमदर.' पहिल्या वाक्यात घरचा नेहमीचा क्रम आहे, पुढच्या दोन वाक्यांत या हंगामापुरती परिस्थिती. आईवडील परत येणार आहेत, हे तिने कोठेही लिहिलेले नाही; ते क्रियापदाच्या रूपातून कळते. असे लिहिलेल्या वहीवर तांबडी रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकाने ती वाक्ये वर्गात मोठ्याने वाचून दाखवावीत.